दीडशे चेंडूंची नोकरी

या शनिवारी क्रिकेटवर लिहितोय. ज्यांना क्रिकेटचा कंटाळा आहे त्यांनी लगेच टॅब बंद करू नका. अर्धा लेख नोकरीवर आहे, आणि नोकरीचा कितीही कंटाळा आला तरी तो विषय काही आपल्याला सोडत नाही :)

१७ मे २०२३. धरमशालाचं मैदान, पंजाब किंग्ज विरुद्ध दिल्ली कॅपिटल्स. दिल्लीने २१३ धावा ठोकल्या होत्या आणि पंजाब पाठलाग करत होतं. एका टोकाला लिव्हिंगस्टोन, दुसऱ्या टोकाला अकोल्याचा अथर्व तायडे. अथर्वने ४२ चेंडूंत ५५ केल्या होत्या. वनडेत एवढ्या धावा केल्या असत्या तर लोकांनी पाठ थोपटली असती. पण इथे धावांचा वेग कमी पडत होता. मग पंधराव्या षटकानंतर अथर्व स्वतःच चालत बाहेर गेला. बाद नाही, जखमी नाही.. 'रिटायर्ड आउट'. म्हणजे संघाने सांगायचं, तुझं काम झालं, आता दुसऱ्याला येऊ दे.

आणि आला कोण? अमरावतीचा जितेश शर्मा. शेवटच्या षटकांत ठोकाठोकी करणं हाच ज्याचा धंदा, तो माणूस. तिसऱ्या चेंडूवर शून्यावर बाद. पंजाब १५ धावांनी हरलं.

अकोला आणि अमरावती यांच्यात जेमतेम शंभर किलोमीटरचं अंतर. मधे मूर्तिजापूर आणि बडनेरा. हा तोच रस्ता, ज्यावर जून २०२२ मध्ये साडेपाच-एकशे तासांत सलग ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनेस विक्रम झाला. (त्याआधी त्या रस्त्याने ज्यांनी एसटीतून प्रवास केलाय त्यांना त्या विक्रमाचं मोल जास्त कळेल.) या दोन गावांची दोन पोरं आयपीएलच्या एकाच डावात, एक बाहेर जातोय आणि दुसरा त्याच्या जागी आत येतोय. माझ्या लहानपणी हे कोणी सांगितलं असतं तर आम्ही त्याला वेड्यात काढलं असतं. आमच्याकडे क्रिकेट म्हणजे टेनिस बॉल, आणि करियर म्हणजे इंजिनियरिंग नाहीतर एमपीएससी.

तर आज मला लिहायचंय ते या 'करियर' शब्दावर. व्यावसायिक खेळाडूची नोकरी नेमकी कशी असते, आणि आपण वऱ्हाडातली माणसं तिच्याकडे कशी बघतो. माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत ताटकळायला नको: आपण ११ कोटींचा आकडा बघतो आणि 'अन्याय' बघतो. या दोन्हींच्या मधे जे आहे, ते आपल्याला दिसतच नाही. आणि पोरांचं आयुष्य त्या मधल्या जागेतच जातं.

आधी जितेशची गोष्ट, कारण ती तारखांसकट समजून घेण्यासारखी आहे.

जन्म अमरावतीचा, २२ ऑक्टोबर १९९३. क्रिकेटपटू व्हायचं असं काही डोक्यात नव्हतं, हे त्याने स्वतःच मुलाखतींमध्ये सांगितलंय. डोळ्यांसमोर सैन्यदल होतं, आणि खेळात राज्य पातळीपर्यंत गेलं की परीक्षेत वाढीव गुण मिळतात, म्हणून क्रिकेट. हे ऐकून पुण्या-मुंबईचा माणूस हसेल, पण अमरावतीचा माणूस हसणार नाही. आमच्याकडे खेळाचा अर्थ बरीच वर्षं हाच होता. खेळाचे गुण, मग खेळाडूंसाठीच्या ५ टक्के आरक्षणातून सरकारी नोकरी, नाहीतर बी.पी.एड. करून शाळेत क्रीडाशिक्षक. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ अमरावतीतच आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलेलं मंडळ. म्हणजे खेळाची परंपरा आमच्याकडे कमी नव्हतीच. फक्त त्या परंपरेचा शेवट पगारपत्रकावर सही करण्यात व्हायचा. यात मला काही कमीपणा वाटत नाही. स्थिर नोकरीने वऱ्हाडातल्या किती घरांना कापसाच्या भावाच्या लहरीतून बाहेर काढलंय, ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगावं लागत नाही.

तर, जितेश २०१४ मध्ये विदर्भाकडून पहिल्यांदा खेळला. २०१५-१६ च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्याने सलामीला येऊन ३४३ धावा केल्या, एक शतक धरून. स्पर्धेत सर्वाधिक धावा करणाऱ्यांत तो तिसरा होता. २०१६ च्या लिलावात मुंबई इंडियन्सने त्याला १० लाखांना घेतलं. तुम्ही म्हणाल, झालं काम. नाही. मुंबईकडून त्याला एकही सामना खेळायला मिळाला नाही. एकही.

आपल्या भाषेत सांगायचं तर बेंच. आयटीत बेंचवर दोन महिने बसलेला माणूस रात्री तीनला उठून नोकरीच्या साइटवर प्रोफाइल अपडेट करतो. इथे मुंबईच्या त्या लिलावापासून आयपीएलच्या पहिल्या सामन्यापर्यंत सहा वर्षं गेली. ३ एप्रिल २०२२, चेन्नईविरुद्ध, पंजाबकडून. वय २८. लिलावात भाव २० लाख, म्हणजे त्या वेळची किमान किंमत. त्या दिवशी १७ चेंडूंत २६.

या सहा वर्षांत त्याने काय केलं, हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. तो सलामीचा फलंदाज होता. तो शेवटी येऊन मारणारा झाला. हे वाचायला सोपं वाटतं, पण विचार करा. सलामीवाल्याला क्षेत्ररक्षणाची बंधनं मिळतात, नवा कडक चेंडू मिळतो, चुकायला वेळ मिळतो. शेवटी येणाऱ्याला यातलं काहीच नाही. सीमारेषेवर पाच जण उभे, गोलंदाज यॉर्कर आणि स्लोअर टाकणार हे ठरलेलं, आणि पहिल्या चेंडूपासून मारायचं. वीस-बावीसच्या वयात ज्या कामावर नाव झालं ते सोडून, जिथे माणसं कमी आहेत आणि गरज जास्त आहे, ते काम शिकायचं. २०२१-२२ च्या मुश्ताक अली स्पर्धेत त्याचा स्ट्राइक रेट २०० च्या वर होता. पंजाबने त्याला घेतलं ते त्या आकड्यावर.

मग आकडे वाढत गेले. २०२२ मध्ये २३४ धावा, २०२३ मध्ये ३०९. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत भारताकडून पदार्पण, आणि संघाला सुवर्णपदक. नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात बंगळुरूने बोली लावली. पंजाबने त्याला परत घ्यायचा हक्क वापरायचं ठरवल्यावर बंगळुरूने भाव ७ कोटींवरून ११ कोटींवर नेला. २० लाखांचे ११ कोटी, म्हणजे ५५ पट. आमच्या अमरावतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या रात्री एवढे पेढे वाटले गेले की शेवटी मला ग्रुप म्यूट करावा लागला.

आता जरा कॅल्क्युलेटर काढा. २०२५ च्या मोसमात जितेशने १५ सामन्यांत २६१ धावा केल्या, स्ट्राइक रेट १७६. उलटा भागाकार केला तर तो अख्ख्या मोसमात १४८ चेंडू खेळला. म्हणजे २५ षटकंही नाहीत. दोन महिने नेटमध्ये घाम, विमानं, हॉटेलं, विकेटमागे उठाबशा, आणि फलंदाज म्हणून तुमचं मोजमाप दीडशेच्या आत चेंडूंवर. आपलं वर्षाचं अप्रेझल जर कुणी १४८ की-स्ट्रोकवर केलं असतं तर युनियन काढली असती आपण.

त्या १४८ पैकी ३३ चेंडू लखनौचे. २७ मे २०२५, समोर २२८ चं लक्ष्य, आणि त्या दिवशी कप्तानही तोच. ३३ चेंडूंत नाबाद ८५, आठ चेंडू राखून विजय, आणि बंगळुरू गुणतक्त्यात पहिल्या दोनांत. हे सगळ्यांना आठवतं. पण त्याच डावात त्याचा रिव्हर्स स्वीपवर झेल गेला होता आणि तो नो-बॉल निघाला, हेही आठवा. नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला त्याच्यावर धावबादचं अपील झालं, तेही टिकलं नाही. गोलंदाजाचा मागचा पाय एक इंच इकडे-तिकडे असता तर तो डाव पन्नाशीच्या आत संपला असता. आणि मग ३ जूनच्या अंतिम सामन्यात १० चेंडूंत २४. बंगळुरू ६ धावांनी जिंकलं. १८ वर्षांत पहिल्यांदा. त्या १० चेंडूंतला एक षटकार बॅटच्या कडेला लागून झेल झाला असता तर? बघा, किती बारीक धाग्यावर ११ कोटी लटकलेले असतात.

नशीब म्हणा हवं तर. मी म्हणत नाही. नो-बॉल हे नशीब; पण लखनौत त्या जागी, त्या षटकात, त्या कामासाठी संघाला त्याचीच गरज वाटणं, हे सहा वर्षांचं काम आहे.

पुढचा भाग दुःखाचा आहे. सप्टेंबर २०२५ च्या आशिया चषकाच्या संघात जितेश होता. मग ऑस्ट्रेलियात होबार्टला १३ चेंडूंत नाबाद २२. डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध विकेटमागे तोच. आणि २० डिसेंबर २०२५ ला टी-ट्वेंटी विश्वचषकाचा संघ जाहीर झाला, त्यात तो नव्हता. २०२४ च्या विश्वचषकाआधीही असंच झालं होतं, तेव्हा पंत आणि सॅमसन गेले.

त्या संध्याकाळी गावाकडून एका काकांचा फोन. "पाह्यलं का? काढलं ना जितेशले! आपल्या इदर्भाच्या पोट्ट्याले कोनी इचारत नाही बाप्पा, पयलेपासूनच असं हाये." मी म्हटलं, काका, असं नाही हो. तर म्हणे, "मंग कसं हाये ते तू सांग, तू तं पुन्याचा झाला आता."

काकांना फोनवर जे नीट सांगता आलं नाही (रेंज जात होती, आणि काका ऐकत नव्हते) ते इथे सांगतो. कारण सोपं आहे आणि आपल्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळेल. २०२५ च्या आशिया चषकापासून शुभमन गिल सलामीला आला. त्यामुळे संजू सॅमसनची सलामीची जागा गेली. मग यष्टिरक्षक मधल्या फळीत खेळणारा हवा झाला, आणि ते काम जितेशचं. म्हणून तो संघात. डिसेंबरमध्ये निवड समितीने गिलला वगळलं. सॅमसन पुन्हा सलामीला. आता यष्टिरक्षक वरच आला, तर दुसरा यष्टिरक्षकही वर खेळणारा हवा, म्हणजे एक जखमी झाला तर दुसरा त्याच जागी बसेल. इशान किशनने दोनच दिवसांपूर्वी इथेच, आपल्या गहुंज्याच्या मैदानावर, मुश्ताक अलीच्या अंतिम सामन्यात शतक ठोकून झारखंडला करंडक मिळवून दिला होता. खालच्या जागेवर रिंकू सिंग. झालं.

जितेशच्या कोडमध्ये बग नव्हता. वरच्या मॉड्यूलचं डिझाइन बदललं आणि त्याचं मॉड्यूल लागेनासं झालं. यात विदर्भ कुठे आला? गिलला काढलं तेव्हा 'पंजाबवर अन्याय' झाला का?

'विदर्भावर अन्याय' हे वाक्य आमच्याकडे सगळीकडे चालतं. सिंचनाच्या अनुशेषावर ते खरं आहे आणि त्यावर मीही भांडायला तयार आहे. पण क्रिकेटमध्ये उलट आहे. महाराष्ट्र हे एक राज्य, आणि रणजीत त्याचे तीन संघ: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. अकोल्याच्या पोराला वानखेडेवर जाऊन मुंबईच्या पोरांशी जागेसाठी भांडावं लागत नाही. आणि या विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असे तीन रणजी करंडक जिंकलेत. अन्याय झालेला संघ असा नसतो. विदर्भाचं यशच मजबूत झालं की गंमत बघा, जितेशलाच तिथे जागा उरली नाही. २०२४-२५ च्या रणजी विजेत्या मोसमात यष्टीमागे कप्तान अक्षय वाडकर उभा. जितेशला त्या मोसमात एकही रणजी सामना मिळाला नाही, आणि २०२५ मध्ये तो बडोद्याकडे गेला. ११ कोटींचा माणूस, आणि घरच्या संघात चार दिवसांच्या सामन्यात जागा नाही. यात कोणी वाईट नाही. यष्टिरक्षकाची जागा एकच असते, एवढंच.

आता दुसरी गोष्ट. हिचं नाव तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ऐकलं नसेल, आणि त्याचाच मला राग आहे. भारती फुलमाळी. अमरावतीचीच. मार्च २०१९ मध्ये गुवाहाटीला इंग्लंडविरुद्ध भारताकडून पदार्पण. ९ मार्चचा सामना, शेवटच्या षटकात ३ धावा हव्या होत्या. समोर केट क्रॉस, स्ट्राइकवर भारती, आणि दुसऱ्या टोकाला ३० वर नाबाद मिताली राज. पहिले तीन चेंडू, एकही धाव नाही. चौथ्या चेंडूवर झेल. भारत एका धावेने हरला. आणि त्यानंतर भारती संघाबाहेर गेली. दोन सामने.

तीन निर्धाव चेंडू आणि एक झेल. विचार करा, आपल्यापैकी कुणाचं सगळं भविष्य चार चेंडूंवर ठरलं असतं तर.

पण ती खेळत राहिली. २०१९ ते २०२३ या काळात महिलांसाठी मोठी लीग नव्हती, ११ कोटी नव्हते, ५५ लाखही नव्हते. विदर्भाकडून देशांतर्गत सामने, बस्स. १० मार्च २०२५ ला गुजरातकडून मुंबईविरुद्ध ब्रेबॉर्नवर तिने २५ चेंडूंत ६१ केल्या. संघ ९ धावांनी हरला, पण सामना संपला तेव्हा मुंबईच्या खेळाडूंचे चेहरे बघण्यासारखे होते. गुवाहाटीच्या त्या षटकानंतर बरोबर सहा वर्षं आणि एक दिवस. आणि जानेवारी २०२६ मध्ये ऑस्ट्रेलिया दौऱ्याच्या टी-ट्वेंटी संघात तिचं नाव आलं. जवळपास सात वर्षांनी.

जितेशच्या ११ कोटींवर पेढे वाटणाऱ्या आमच्या ग्रुपवर त्या दिवशी एक 'अभिनंदन' आलं. एक.

तिसरा, अकोल्याचा अथर्व. कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात त्रिशतक, २०१८ मध्ये भारताच्या एकोणीस वर्षांखालच्या संघाकडून श्रीलंकेत ११३ आणि १७७. सगळे म्हणत होते, आता हा पुढचा. आयपीएलमध्ये त्याची जागा कधी पक्की झाली नाही. धरमशालाचा तो रिटायर्ड आउट बहुतेकांना आठवतो तेवढाच. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये नागपूरला इराणी करंडकात शेष भारताविरुद्ध त्याने १४३ केल्या आणि विदर्भ जिंकलं. जानेवारी २०२६ मध्ये विजय हजारे करंडकाच्या अंतिम सामन्यात १२८, आणि विदर्भाला तो करंडक पहिल्यांदाच मिळाला. जो वेग धरमशालात कमी पडला, तोच धीर नागपुरात कामाला आला.

अथर्व अयशस्वी आहे का? नाक्यावर विचारा, "आयपीएलमध्ये चालला नाही ना बे" असं उत्तर येईल. मी म्हणतो, तो उत्तम चाललेला व्यावसायिक खेळाडू आहे. पुरावा पैशातच देतो, कारण आमच्याकडे तोच पुरावा चालतो. २०२१ मध्ये क्रिकेट मंडळाने देशांतर्गत मानधन वाढवलं. रणजीत २० सामन्यांपर्यंतच्या खेळाडूला दिवसाला ४० हजार, ४० हून जास्त सामने झालेल्याला ६० हजार. चार दिवसांचा सामना धरला तर १ लाख ६० हजार ते २ लाख ४० हजार. साखळीतले सात सामने खेळला तर साधारण ११ ते १७ लाख, आणि वनडे-टी-ट्वेंटी वेगळं. आपल्यातले किती जण पंचविशीत एवढा पगार घेत होते, हात वर करा.

माझ्या मते वऱ्हाडातल्या खेळाचं चित्र बदललं ते ११ कोटींनी नाही, या दिवसाच्या ४० हजारांनी. कारण ११ कोटी एखाद्याला मिळतात, एका लिलावात, दोन संघ हट्टाला पेटले तर. ४० हजार हे काम केल्याचे मिळतात.

तरीही इथे थांबलो तर अर्धसत्य होईल. रणजीच्या संघात माणसं किती? पंधरा-सोळा. विदर्भात जिल्हे अकरा. आयपीएलचे संघ दहा, प्रत्येकात जास्तीत जास्त २५ जण, त्यातही आठपर्यंत परदेशी. म्हणजे सगळा देश मिळून दीड-दोनशे भारतीय, आणि त्यातले निम्मे पाण्याच्या बाटल्या नेणारे. जितेशच्या लिलावानंतर अमरावती-अकोल्यातल्या किती आईबापांनी पोरांना अकादमीत घातलं असेल, त्याचा हिशेब माझ्याकडे नाही, पण ओळखीतली तीन घरं तरी मला माहीत आहेत. एकाने पोराची शाळाच 'डमी' करून टाकली. त्याला मी फोनवर एवढंच म्हटलं, दादा, जितेश स्वतः खेळाचे गुण परीक्षेला जोडायला क्रिकेटमध्ये आला होता, परीक्षा सोडून नव्हे.

इथे मला फिलिपिन्सची आठवण येते. (कुठून कुठे, म्हणाल. ऐका तर.) त्या देशात बास्केटबॉलचं वेड आपल्या क्रिकेटएवढं. सरासरी उंची आपल्यासारखीच, तरी वस्तीवस्तीत रिंग टांगलेली. १९७५ साली त्यांनी आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग काढली. गंमत म्हणजे तिथले संघ शहरांचे नाहीत, कंपन्यांचे आहेत, नावं बिअरची आणि जिनची. म्हणजे तिथल्या खेळाडूला सुरुवातीपासून माहीत असतं, मी नोकरी करतोय, संघ मालकाचा आहे, उद्या अदलाबदल होऊ शकते. त्यांचा सगळ्यांत लाडका खेळाडू रॉबर्ट जावोर्स्की पन्नाशीपर्यंत मैदानावर होता, त्यातली बरीच वर्षं खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी नोकरी करत. पुढे १९९८ मध्ये सिनेटर झाला. पण मला घ्यायचंय ते त्याचं राजकारण नाही. वस्तीतली रिंग आणि लीग यांच्यामध्ये त्यांच्याकडे कॉलेजच्या स्पर्धा आहेत, ज्या लोक जीव टाकून बघतात. मधली पायरी भरलेली आहे. म्हणजे वर नाही पोचलास तरी तू कुणीतरी असतोस.

आमच्याकडे ती मधली पायरी रिकामी आहे. टेनिस बॉलचा नाइट सामना झाला, त्याला स्थानिक नेत्याचं बॅनर, पाच हजारांचं बक्षीस. त्यावर थेट आयपीएल. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या क्लबांचे सामने होतात, पण बघायला कुत्रं नसतं. रणजीचा सामना जामठ्याला चालू असतो आणि आपण ऑफिसात क्रिकइन्फोचा स्कोअरही उघडत नाही.

आणि खेळावर जगायचं म्हणजे बॅटच धरायची असं थोडंच आहे? अमरावतीत शारीरिक शिक्षणाचं कॉलेज आहे, ज्याला शंभर वर्षांच्या मंडळाची पाठ आहे. आज प्रत्येक रणजी संघाला फिजिओ लागतो, ट्रेनर लागतो, व्हिडिओ बघून आकडे काढणारा विश्लेषक लागतो. या शेवटच्या कामाला तर आपल्यासारखीच माणसं लागतात, एसक्यूएल येणारी. दर एका जितेशमागे या कामांच्या डझनभर जागा तयार झाल्यात. त्या जागांसाठी वऱ्हाडातून कोणी तयारी करतंय का? का आपण सगळे त्या एका यष्टिरक्षकाच्या जागेच्या रांगेत उभे आहोत?

पुण्या-बंगळुरूत बसलेल्या आपल्यासारख्यांनी काय करायचं, हा प्रश्न रास्त आहे. मी तीन गोष्टी सुचवतो, फुकटच्या आहेत. एक, भावाच्या-बहिणीच्या पोराला 'आयपीएलमध्ये कधी?' हे विचारणं बंद करा, 'जिल्ह्याच्या संघात कोणत्या नंबरवर खेळतो?' हे विचारा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे असतं. दोन, मुलगी खेळत असेल तर तिलाही तोच प्रश्न विचारा, आणि तिच्या किटचे पैसे द्यायची वेळ आली तर हात आखडू नका. भारतीला सात वर्षं थांबता आलं, कारण ती खेळणं थांबवत नव्हती. तेवढं थांबणं परवडावं लागतं. तीन, अन्याय-अन्याय करण्याआधी संघाची रचना वाचा. आपल्या पोराला वगळल्याचं दुःख करा, मीही केलं, पण त्याच्या कामाला कमी लेखू नका. 'काढलं' या एका शब्दात दहा वर्षं पुसली जातात.

जितेश त्या विश्वचषकाला नव्हता. त्याने ३४३ धावांचा सलामीवीर असणं सोडून दीडशे चेंडूंची नोकरी पत्करली होती, आणि अशा नोकरीत हे होणार हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असणार. काकांचं समाधान झालं नाहीये अजून. ते म्हणतात, "तुये आकडे तुयापाशी ठेव. पोट्टं आपलं हाये ना?"

हो काका, आपलंच आहे. अथर्वही आपलाच आहे, भारतीही आपलीच आहे. पुढच्या वेळी पेढे वाटाल तेव्हा तीन डबे आणा.